बादली भरली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मेधाला नाही, ताईला नाही, दोन पेग झाल्यावर डॉमनिकलासुद्धा नाही — आणि दोन पेगनंतर मी डॉमनिकला काय काय सांगतो ते ऐकलंत तर तुम्ही कानावर हात ठेवाल. म्हणजे मी गप्प बसणारा माणूस नव्हे. आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना मला शेजाऱ्याची अख्खी गाडी सापडली आणि आत शेजारी गाणी ऐकत बसला होता, ही गोष्ट माझीच. आमच्या कचऱ्याच्या डब्यावर येणाऱ्या रकून नावाच्या चोरट्या प्राण्याला मराठी शिव्या कळतात, हीसुद्धा माझीच. स्कारबरोपासून ओकव्हिलपर्यंत सगळे मराठी लोक माझ्या आकड्यांना चाराने भागून घेतात.

या वेळी भागू नका. जेवढं सांगतोय तेवढंच घडलंय.

सुरुवात झाडांपासून करतो — ते सोपं आहे. इथे कॅनडात कायद्याने घरटी चार झाडं लावता येतात. गांजाची. डॉमनिकने, म्हणजे माझ्या वसईच्या मित्राने, रोपं दिली आणि मी ती मागच्या अंगणात टोमॅटोशेजारी लावली. कुंपणाएवढी झाली. मी लोकांना सांगायचो की विमानं वळसा घालून जातात. खरं तर ओढण्याची मला फारशी हौस नव्हती, खोकलाच यायचा. हौस होती ती सांगण्याची. मेधाला, माझ्या बायकोला, हे सगळं पोरकट वाटायचं आणि तसं ती तोंडावर म्हणायची.

लावणं कुणालाही जमतं. खरी परीक्षा वाळवण्यात. फांद्या कापून अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगायच्या. खोली थंड हवी — अठरा डिग्रीच्या आसपास — आणि हवेत ओलावा बेताचा. फार कोरडी हवा झाली की फुलांचा भुगा होतो, वास उडून जातो. दमट झाली की बुरशी. आणि ही बुरशी लबाड असते, आधी आत धरते. वरून फूल हिरवंगार, आणि उघडून बघावं तर आत राख. फांदी वाकवल्यावर लवली तर अजून ओली, काटकन मोडली की झालं. तोवर धीर धरायचा.

आमच्या बेसमेंटमध्ये लॉन्ड्रीच्या पलीकडे एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे मी दोऱ्या बांधल्या, छोटा पंखा ठेवला, भिंतीवर ओलावा दाखवणारा काटा लावला आणि एक डीह्युमिडिफायर आणला. हे मशीन हवेतलं पाणी ओढून खालच्या बादलीत साठवतं. बादली भरली की पाणी सांडू नये म्हणून आपोआप बंद पडतं आणि लाल दिवा लागतो. बादली ओतली की पुन्हा सुरू. त्यात काही विद्या नाही. वेळेवर बादली ओतणं, एवढंच माणसाचं काम.

आणि त्याच वर्षी बाबा आले होते.

बाबांबद्दल सांगणं मला जड जातं, पण सांगतो. बाबा अमरावतीच्या कोर्टात नोकरीला होते, बेंच क्लार्क. त्यांची स्मरणशक्ती — इथे मला फुगवायची गरजच पडत नाही. वकील फाइल उघडण्याआधी बाबांना विचारायचे, मागची तारीख कशासाठी पडली होती हो? आणि बाबा सांगायचे. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ब्रिज. कुणाच्या हातात कुठलं पान उरलंय, हे त्यांना शेवटच्या डावापर्यंत ठाऊक असायचं. आई गेल्यावरही ते एकटे राहिले, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून. त्यांना गर्व असा दुसऱ्या कशाचा नव्हता. डोकं शाबूत आहे, एवढाच.

आले त्याच आठवड्यात त्यांनी झाडं पाहिली. मी म्हटलं, बाबा, ही एक कॅनडातली औषधी वनस्पती. ते वाकले, पान चुरडलं, हुंगलं.

“विनू, तीस वर्षं मुद्देमालाच्या खोलीशेजारी बसलो मी. गांजा होय हा. कायद्यात बसते ना? मग लपवून काऊन राहिला?”

असे होते बाबा. खोटं त्यांच्यासमोर टिकायचं नाही. — माझं टिकलं.

त्यांची एकच सवय आम्हाला नडायची. इथे प्लगच्या वर भिंतीत बटण नसतं, हे तुम्हाला माहीत असेल. तिकडे आपण रात्री सगळी बटणं बंद करून निजतो. बाबांना इथे बटण सापडेना, म्हणून ते प्लगच उपटून ठेवायचे. टोस्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही. एकदा तर इंटरनेटचा डबाही. रिया, माझी मुलगी, किंचाळत खाली आली होती. घरात त्यावर हसणं चालायचं, बाबाही हसायचे. विजेचं बिल तुम्हीच भरता ना, भरा मग, म्हणायचे.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला आम्ही मॉन्ट्रियलला गेलो, मेधाच्या मामेबहिणीकडे. बाबांचे गुडघे गाडीत आखडतात म्हणून ते घरीच थांबले. खोलीत फांद्या टांगून थोडेच दिवस झाले होते. निघताना मेधाने विचारलं, त्या मशीनचं पाणी कोण काढणार? बाबांना सांगून ठेवते. मी म्हटलं, नको, हे मशीन आठवडाभर बघावं लागत नाही. खोटं होतं ते. ती बादली रोज भरायची. मग ‘नको’ का म्हटलं? बाबांना मी त्या खोलीत यायला बंदी केली होती, सारखं दार उघडलं तर हवा बिघडते म्हणून — मोठा शास्त्रज्ञ मी. आता त्यांनाच विनवायचं? त्यात मला कमीपणा वाटत होता. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

मॉन्ट्रियलला घरी झाड लावायची परवानगी नाही, त्यामुळे तिकडे माझ्या गोष्टीला भलतंच गिऱ्हाईक. मी ओलाव्यावर व्याख्यान दिलं. पुढच्या वेळी येताना प्रत्येकासाठी एकेक बरणी आणतो म्हणून सांगितलं. बाहेर तीनही दिवस पाऊस होता, कोमट, चिकट. तो मला दिसत होता. मी बोलत होतो.

परत आलो, मेधा आणि रिया वर सामान लावत होत्या, बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. मी सरळ खाली गेलो. दार उघडल्याबरोबर कुबट वास अंगावर आला, पावसाळ्यात ओल्या गोणपाटाला येतो तसा. मशीन गप्प. लाल दिवा लागलेला. बादली काठोकाठ. एक फूल उघडलं — राख. दुसरं — राख. सगळी.

आता इथे मी थांबतो जरा. तुम्हाला वाटेल, गेलं पीक, एवढं काय? हसायचं, चौथी गोष्ट बनवायची. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण जिन्यावरून मेधाचा आवाज आला, “काय रे, चालू आहे ना सगळं?” आणि मला तिचा चेहरा दिसला, मॉन्ट्रियलचे दिसले, डॉमनिकचा दिसला.

मी बादली लॉन्ड्रीच्या सिंकमध्ये ओतली. परत बसवली. मशीन घुर्र करून सुरू झालं. मी वाकून त्याचा प्लग उपटला आणि वायर जमिनीवर टाकली — बाबा टाकतात तशी, नीट गुंडाळी करून.

मग मी मेधाला हाक मारली.

तिने वायरीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणाली, जाऊ दे, त्यांना काही बोलू नकोस. हीसुद्धा एक संधी होती, नाही का? मी वर तोंड करून बाबांना हाक मारली. ते कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली आले.

“बाबा, हा प्लग काढला तुम्ही?”

ते वायरीकडे बराच वेळ बघत राहिले. जुन्या केसची तारीख आठवताना बघायचे तसे.

“मी तर इथं... मला आठवत नाही रे.” मग त्या गुंडाळीकडे पाहून म्हणाले, “पण काढला असंन. मीच काढतो.”

त्या दिवसापासून त्यांनी प्लग काढणं सोडलं. घरात हसण्यासारखं काही उरलं नाही. ते गॅस बंद आहे का ते बघायला उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. चहा झाला का माझा, असं रियाला विचारायचे. ती प्रेमाने म्हणायची, “इट्स ओके, आजोबा. यू जस्ट फरगॉट.” त्यांना हे समजायचं.

आणि मी? मला गोष्ट मिळाली होती. ओकव्हिलच्या दिवाळी पार्टीत, भरल्या घरात मी ती सांगितली. एकट्या प्लगवर कोण हसणार? म्हणून मी बाबांना चपला फ्रिजमध्ये ठेवायला लावल्या. कोथिंबिरीच्या खणात. लोक पोट धरून हसले. बाबा कोपऱ्यात बशी घेऊन बसले होते, तेही हसले, सगळ्यांच्या थोडं मागून.

येताना डॉमनिकने आम्हा दोघांना गाडीतून सोडलं. मेधा रियाच्या परीक्षेमुळे घरीच होती. हायवेवर बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, “चपला कधी रे, विनू?”

ती मी रचली, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण डॉमनिक शेजारी होता आणि अजून हसत होता.

“मागच्याच आठवड्यात, बाबा. तुम्हाला नाही आठवत?”

मी आरशात पाहिलं नाही.

बर्फ पडायच्या आत ते परत गेले. नागपूरला राहणाऱ्या ताईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी उलटे आकडे म्हणायला लावले, शब्द लक्षात ठेवायला लावले, आणि सांगितलं की या वयात इतकं चांगलं डोकं क्वचित बघतो. बाबांनी मला फोनवर हे सांगितलं, वर म्हणाले, डॉक्टर भला माणूस आहे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलला. “त्याला काय माहीत? तू तर समोर होता.”

त्यांनी ब्रिज सोडलं. पार्टनरचा डाव बिघडवायचा नाही, म्हणाले. मग अमरावतीचं घर बंद केलं — गॅस उघडा राहिला तर शेजारी पण जातील — आणि ताईकडे राहायला गेले. तिच्या हॉलमध्ये दिवाणावर. स्वयंपाकघरात जात नसत. ताई म्हणायची, कसे एकदम खचले रे. मी म्हणायचो, वय.

अजून एक आहे. इथवर आलोच आहे तर तेही.

वारायच्या काही दिवस आधी त्यांचा फोन आला. ताई बाजारात गेली होती. इकडचं तिकडचं बोलले आणि मग आवाज खाली करून म्हणाले, “रागावू नको. तू नाही म्हटलं होतं, तरी मी त्या खोलीत डोकावलो होतो. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या मशीनवर लाल दिवा होता, असं डोळ्यापुढं येते. आता प्लग काढलेला असता तर दिवा कसा लागंन? सांग बरं.”

त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवलं होतं, तिकडे दिवाणावर पडल्या पडल्या. फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. आणि हो म्हणू शकणारा माणूस जगात एकच होता.

मी म्हणालो, “बाबा, ते तुम्हाला आता तसं वाटतंय.”

“असंन,” ते म्हणाले. “तसंच असंन.”

मार्चमध्ये ते झोपेतच गेले. हृदय थांबलं. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवसांना त्यांचे ब्रिजचे पार्टनर देशमुखकाका अमरावतीहून आले. म्हणाले, आम्ही त्यांच्या जागी कुणाला कायमचं बसवलं नाही, वाट बघत होतो. असं पानं लक्षात ठेवणारा माणूस मी पाहिला नाही. यायचं का बंद केलं, तेच कळलं नाही.

ताई म्हणाली, विसरायला लागले होते, काका.

काकांना ते पटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो काका,” मी म्हणालो. “माझ्याकडे आले होते तेव्हापासूनच.”

शेजारच्या पाटावर फोटो होता, हार होता. काकांनी मान हलवली आणि ते वाढलेल्या पानाकडे वळले. मीही जेवायला बसलो.

माझे वडील काहीही विसरले नव्हते.