अर्धे सोडलेले वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही. ज्या मित्राबरोबर रोज सकाळी नगरच्या सावेडीत फिरायला जातो, त्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. समोर चेहरा असला की माझे वाक्य घशातच राहते — हे आयुष्यभर असेच चालत आले आहे.

आणि तरीही लोक मला बोलायला बोलावतात. शहरातल्या एका महाविद्यालयात दरवर्षी माझे एक व्याख्यान असते : जाहिरात लिहिणाऱ्याने हिप-हॉपकडून काय शिकावे. विषय ऐकून मुले आधी हसतात. पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला, कागदावरून वाचणारा हा माणूस आपल्याला रॅपबद्दल काय सांगणार? मग मी सांगू लागतो. विशेषणे काढून टाका, वस्तू दाखवा. ओळ एका श्वासात मावेल एवढीच ठेवा, कारण जाहिरात डोळ्यांनी नव्हे, तोंडाने वाचली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे — शेवटचा शब्द स्वतः उच्चारू नका. तो ऐकणाऱ्याला द्या. जो शब्द त्याने स्वतः उच्चारला, तो त्याला स्वतःचाच वाटतो. मुले वहीत उतरवून घेतात. शेवटी टाळ्या होतात. यातले एकही वाक्य माझे नाही, हे मी त्यांना सांगत नाही.

पण मी सांगायला निघालो होतो ते हे नव्हे. निदान एवढेच नव्हे.

सोनईच्या शाळेत मी बरीच वर्षे मराठी शिकवली. माझा आवाज मागच्या बाकांपर्यंत कधी पोहोचला नाही. मागची बाके त्यांच्या उद्योगात असत, मी माझ्या. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि सावेडीतल्या एका छोट्या जाहिरात कंपनीत लिहायला लागलो. फ्लेक्सवरचा मजकूर, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, गावोगाव फिरणाऱ्या रिक्षांवरच्या घोषणा. मालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मला ‘सर’ म्हणत. त्या वयात नवशिक्या होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. चूक झाली तर कुणी रागावत नाही. नुसते गप्प होतात.

शीतल तिथे फ्लेक्सची डिझाइन करायची. पाथर्डीकडची, पंचविशीतली, मोठ्याने हसणारी मुलगी. बोलताना अडखळायची — ‘प’ आणि ‘म’ तिच्या ओठांवर अडून बसत. आणि हीच मुलगी रविवारी कॉलेजांच्या कार्यक्रमांत रॅप करायची. मला ते सुरुवातीला खरे वाटले नाही.

पशुखाद्याच्या एका कंपनीसाठी मी पहिली जाहिरात लिहिली तेव्हा तिने ती माझ्या खांद्यावरून वाचली. ‘दर्जेदार, पौष्टिक व विश्वासार्ह पशुखाद्य — आपल्या पशुधनाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी.’ मला ते वाक्य बरे वाटले होते.

“सर,” ती म्हणाली, “ह्यात म्… म्… म्हैस कुठंय?”

मी वाक्य पुन्हा वाचले.

“म्हशीला भवितव्य नसतं वो. म्हशीला वैरन असती.”

सगळे हसले. मीही हसलो — आणि आतून दुखावलो. हेही लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ कदाचित तिथेच असेल. की हीसुद्धा मी शोधलेली सबबच?

त्यानंतर एका रविवारी तिने मला तिच्या कार्यक्रमाला नेले. मी अगदी मागे, भिंतीला टेकून उभा होतो. ती मंचावर आली, ठेका सुरू झाला, आणि अडखळणे जणू कुणीतरी पुसून टाकले. एका ओळीवरून दुसरीवर ती अशी जात होती की मला श्वास घ्यायचे भान राहिले नाही. काही ओळींच्या शेवटी ती माईक लोकांसमोर धरायची आणि शेवटचा शब्द सारे सभागृह ओरडायचे. नंतर चहा पिताना मी त्याचे कौतुक केले, तर ती खूप हसली.

“ती ईस्टाईल न्हाई, सर. ठेक्यात सुदिक दोन-चार शब्द अडत्यात. ते मी ओळीच्या शेवटाला ठिवते अन् लोकांला देऊन टाकते. मला उचलत न्हाई ते लोक उचलत्यात. कुनाला सांगू नका बरं का!”

मी कुणाला सांगितले नाही. मी ते वापरले.

म्हणजे — आम्ही दोघांनी वापरले, असे म्हणायला हवे. पशुखाद्याची जाहिरात नव्याने लिहायची होती आणि ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसायची. गोठा कोण झाडते, धार कोण काढते, आणि दूध घालून आल्यावर डेअरीच्या पावतीवर नाव कुणाचे असते? तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि बोलत गेली :

‘गोठा झाडी कोण?’ — बायका म्हणतील, ‘मी!’
‘धार काढी कोण?’ — ‘मी!’
‘पावतीवर नाव कुनाचं?’

“हितं कुनी बोलायचं न्हाई,” ती म्हणाली. “हितं ठेका बंद. गप. त्या गपीतच जाहिरात हाय.”

आणि मग पोते. पोत्यावर एक मोकळी चौकट, जिच्यात दुकानदाराने गोठा सांभाळणाऱ्या बाईचे नाव लिहून द्यायचे. ही कल्पनाही तिचीच. मी काय केले? शुद्धलेखन तपासले. एक ओळ आखूड केली. कागद टाइप करून मालकांकडे नेला.

पशुखाद्य कंपनीचे साहेब तो वाचून उठून उभे राहिले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “सर, कमाल केलीत.” आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या लिखाणासाठी उभे राहिले होते. ‘हे माझे नाही’ — तीन शब्द. एका श्वासात मावणारे. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो विनय वाटला.

राहात्याला मोठा मेळावा ठरला. गावोगावच्या दूध घालणाऱ्या बायका येणार होत्या. ते बोल मंचावरून कुणीतरी म्हणायचे होते. जो म्हणेल तोच पुढे वर्षभर सगळ्या जाहिरातींचा आवाज होणार होता. शीतलने मालकांना स्वतः जाऊन विचारले. फ्लेक्सच्या संगणकापुढून उठायची तिला तेवढी एकच वाट होती, आणि हे तिने लपवले नाही.

मालकांनी मला आत बोलावले. दार लावले. म्हणाले, “सर, पोरगी हुशार आहे. पण नुसतं बोलताना एवढी अडते. मी तिला स्टेजवर कधी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंय. कसं वाटतं?”

मी ऐकले होते. त्या कचेरीत फक्त मी ऐकले होते. ती मंचावर एकदाही अडखळली नव्हती, आणि का अडखळत नाही हेही मला ठाऊक होते. पण ती राहात्याच्या मंचावर उभी राहिली असती तर पहिल्याच कडव्याला साहेबांना कळले असते की हे शब्द कुणाचे आहेत. मला तेवढेच दिसत होते.

मी म्हणालो, “चांगली आहे. पण मेळावा मोठा… इतकी माणसं… ऐनवेळी —”

आणि थांबलो.

मालकांनी वाक्य पूर्ण केले. “अडखळली तर आपली शोभा होईल. बरोबर आहे तुमचं.”

पाहिलेत? मी काहीच बोललो नव्हतो. शेवटचा शब्द मी त्यांना दिला होता, आणि तो त्यांना स्वतःचाच वाटला. तिने शिकवलेले मी इतके अचूक त्यापूर्वी कधी वापरले नव्हते. त्यानंतरही नाही.

राहात्याला नगरच्या ऑर्केस्ट्रातली एक निवेदिका गेली. बायका ‘मी!’ म्हणून अशा ओरडल्या की मंडपाबाहेरची माणसे आत डोकावली. जिथे गप्प राहायचे होते तिथे निवेदिकेला राहवले नाही, ती म्हणाली, “अर्थात, घरच्या मालकांचं!” सगळे हसले. ते बोल तिथेच मेले, हे ओळखणारा मंडपात मी एकटाच होतो. ओळखणारी दुसरी व्यक्ती सावेडीत फ्लेक्स करत बसली होती. मेळावा यशस्वी झाला. मला शाल मिळाली.

शीतलने पुढच्या महिन्यात काम सोडले. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटले, भांडेल. मी भांडणासाठी तयारही होतो. कदाचित भांडण झाले असते तर मी सगळे बोलून टाकले असते.

“सर, तुमी माझ्यासाठी बोलला असाल, ठाव हाय मला,” ती म्हणाली. “पन मालक म्हनले, तू स्टेजवर अडखळतीस असं कळलंय. त्यांनी तर मला कधी ऐकलंच न्हाई. मंग त्यांना म्हनलं कुनी —”

तिथे ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ती अडली होती की तिने तो शब्द माझ्यासाठी मोकळा सोडला होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी टेबलावरचे कागद सारखे केले. बाहेर रस्त्यावरून आमचीच एक रिक्षा घोषणा देत गेली. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवी खांद्याला अडकवली आणि गेली.

आता ती पाथर्डीत एका दुकानात फ्लेक्स करते. रॅप करत नाही. दुकानात फोन वाजला तर तो उचलत नाही, शेजारच्याला घ्यायला लावते, असे कुणीतरी सांगितले. कुणी सांगितले, ते मी विचारले नाही. पाथर्डी इथून फार लांब नाही. मी गेलेलो नाही.

व्याख्यान मात्र याही वर्षी दिले. तिसरा मुद्दा सांगताना माझा आवाज अगदी मागच्या बाकापर्यंत पोहोचतो.

तिने विचारले होते : त्यांना म्हनलं कुनी?

मी.