‘रत्नप्रभे’वरचा गहिनीनाथ

धारूरच्या डोंगरातला माणूस बावीस वर्षं आगबोटीवर होता, यावर मी का म्हणून विश्वास ठेवायचा? आमच्याकडे नदीसुद्धा चार महिने वाहते, आणि बहात्तरच्या दुष्काळात तीही वाहिली नाही.

मी तेव्हा सहकारी जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, सेक्रेटरी. बॉयलरवर माणूस हवा होता. गहिनीनाथ आला आणि त्यानं बोटीची अख्खी कुळकथाच ऐकवली. ‘रत्नप्रभा’ एक्कावन्न वर्षं चालली. लढाईत तिनं लष्कराची खेचरं वाहिली, मग गणपतीला निघालेले कोकणातले चाकरमानी, आणि म्हातारपणी मंगलोरी कौलं. तीन मालक झाले, पण बॉयलर तोच. त्यात कोळसा टाकायचं काम याचं. दोन वर्षांपूर्वी बोट मोडीत निघाली, तेव्हा हा गावी परतला.

“कागद हाय का एखादा?”

“कागद बोटीच्या हापिसात ऱ्हायले, सायब.”

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! पण दुसरं कुणी मिळेना, म्हणून ठेवला. त्याची बायको मनकर्णाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. याचा पगार सुरू झाला आणि ती घरी बसली.

बॉयलरला एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती ते तिच्यात दिसतं. गहिनीनाथ दर तासाला त्या नळीखालची चावी उघडायचा आणि तांब्याभर पाणी मातीत सांडायचा. गावातल्या बायका कोसभरावरून हंडा आणत होत्या, आणि हा पाणी सांडतोय! याला काही येत नाही, नुसता रुबाब, असं मला वाटलं. मग वाटलं, विरोधी पार्टीनंच पेरला नसेल कशावरून?

“काच खोटं दाखवती, सायब. तपासावं लागतं,” तो म्हणाला.

मी चावी तारेनं बांधून टाकली. दुसऱ्या दिवशी त्यानं तार सोडलेली दिसली. त्याच क्षणी मी त्याला काढलं आणि चावी पुन्हा तारेनं आवळली. मनकर्णाबाई परत खडीवर गेली.

शहादेव म्हणून आमचाच एक गडी बॉयलर बघू लागला. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी होतं, पण काच कशी भरलेली दिसायची! मी खूश. पाचव्या दिवशी दुपारी गहिनीनाथ आपली घोंगडी न्यायला आला आणि दारातच थबकला.

“पाणी डुलंना कावून? चालत्या बॉयलरचं पाणी डुलतं.”

“घोंगडी उचल आन नीघ,” मी ओरडलो.

त्यानं तार तोडली, चावी उघडली आणि परत मिटली. काच रिकामी झाली आणि पाणी परत चढलंच नाही. गाळानं नळीचं तोंड बुजलं होतं. काच भरलेली दिसते म्हणून शहादेवनं सकाळपासून आत पाणीच सोडलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. मी पाणी सोडायला धावलो, तर गहिनीनाथनं मला ढकलून पाडलं.

“तापल्या पत्र्यावर थंड पाणी? समदे मराल!”

फावड्यानं तो भट्टीतला विस्तव बाहेर ओढत राहिला. हात भाजले तरी थांबला नाही. भिंतीपलीकडे तीस बायका कापूस निवडत होत्या.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. लाज वाटत होती, पण जित्याची खोड.

“गहिनीनाथभाऊ, बोट खरंच एक्कावन वर्सं चालली?”

“माज्या आदी जे होते, त्यांनी बी तासातासाला ती चावी उघडली, सायब. न्हाईतर कवाच फुटली आसती.”

मनकर्णाबाई त्याच्या हातांना लेप लावत होती. तिनं मान वर केली नाही.

“ते ऱ्हाऊ द्या. मी उद्या खडीला जायचं का न्हाई, तेवढं सांगा.”