वाट बंद ठेव, आपा म्हणाल्या होत्या

रशिदाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनगटातले मधमाश्यांचे काटे अजून निघायचे होते. फोनवर त्यांचा धाकटा भाऊ सलीमभाई. "सुमन, आपा गेल्या गं..." एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'मधमाश्यांच्या हल्ल्यात महिला गाइडचा दुर्दैवी मृत्यू'. महिना उलटला, पण त्या 'दुर्दैवी' शब्दाचा माझा राग जात नाही. दैवाचा यात काय संबंध?

धाराशिवहून तासाभरावर डोंगरात आमची घळ आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, खाली ओढा, आणि हिवाळा सरता सरता कड्याला लटकणारी आग्या मोहोळं. आपा तिथं अठरा वर्षं लोकांना माहिती द्यायच्या. कंत्राटावर. मी तिकीट खिडकीत. पूर्वी लोक मटणाची पातेली आणि स्पीकर घेऊन यायचे. आपा फाटकात उभ्या राहून सांगायच्या, "आधी दोन मिनिटं गप बसा. मग डोंगर बोलतो." आधी लोक हसायचे, मग खरंच बसायचे. आमच्या बेंबळीच्या शाळेची सहल आली तेव्हा त्यांनी पोरांना विचारलं, "तुमच्या रानातल्या सूर्यफुलात दाणा कोण भरवतं?" कुणी म्हणालं पाऊस, कुणी म्हणालं युरिया. आपांनी त्यांना लांबच्या बाकावर बसवून दुर्बिणीतून मोहोळ दाखवलं. घाबरवलं नाही, लाडही केले नाहीत. "त्यांचं घर हाय ते. आपण पावणे," एवढंच सांगितलं.

मग आमच्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांना 'व्हिजिटर एक्स्पीरियन्स' हवा होता. लांबचा बाक निघाला आणि बरोबर मोहोळांच्या खाली सेल्फीसाठी रंगीत चौकट उभी राहिली. मोहोळं असतील तेवढे महिने ती खालची वाट बंद ठेवा, असे तीन अर्ज आपांनी दिले. तिसऱ्या वेळी मी सोबत होते. साहेब मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "आपा, तुम्ही माहिती द्या. मॅनेजमेंट आमच्यावर सोडा." बाहेर आल्यावर आपा माझ्यावरच चिडल्या, "तू का गप बसलीस गं? तुला तोंड न्हाय का?" मला तोंड होतं. नोकरीही होती...

त्या रविवारी सकाळी आपा खिडकीशी आल्या. "आज लई गर्दी हाय. खालची वाट बंद ठेव, सुमन." मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "रविवार आहे, वाट चालू राहू द्या." आणि मी तिकिटं फाडत राहिले. हे मला लिहायलाच हवं. साहेबांकडं बोट दाखवते, तोच हात तिकिटं फाडत होता.

दुपारी एका टोळक्यानं मित्राचा वाढदिवस त्या चौकटीत केला. येताना तेरखेड्याहून फटाके आणले होते. माळ पेटली, धूर कड्याला गेला, आणि वरून काळा लोट सुटला. आपांजवळ तेव्हा एका शाळेची चौथीची मुलं होती. त्यांनी मुलांना आडवं पाडलं, जेवणासाठी आणलेल्या दोन सतरंज्या त्यांच्यावर ओढल्या, बाईंना कडा दाबून धरायला लावल्या. एकाही मुलाला फारशी इजा झाली नाही. आपाही त्या सतरंजीखाली राहू शकल्या असत्या. पण माळ लावणारा तो पोरगा ओढ्यात पडून ओरडत होता. त्या उठून त्याच्याकडं गेल्या. स्वतःची ओढणी त्याच्या तोंडाला गुंडाळली आणि त्याला ओढत वर आणलं. मी फाटकातून धावले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. "पोरं मोजली का?" त्यांनी विचारलं. त्यांना दवाखान्यात नेलं, पुढं मी त्यांचं बोलणं ऐकलं नाही.

आठ दिवसांनी तो पोरगा सलीमभाईंच्या दारात आला. तोंडावरची सूज उतरलेली नव्हती. "मला कुणी सांगितलं न्हवतं, भाई..." म्हणून रडायला लागला. मी त्याला हाकलणारच होते. सलीमभाईंनी त्याला आत घेतलं, चहा दिला. मला त्यांचाही राग आला. पण तो पोरगा खरं तेच बोलत होता. सांगणारी बाई होती आमच्याकडं, तिचं ऐकायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं.

पुढं ऑफिसनं काय केलं? वाट बंद नाही केली. मोहोळं जाळली. पोती पेटवून सगळा कडा काळा केला. मला जबाब द्यायला बोलावलं, कागद तयारच होता: 'पर्यटकांनी सूचना असूनही...' मी सही केली नाही. आपांच्या अर्जांच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. साहेबांनी त्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, "त्यांच्या नावाचा छान फलक लावू." मी सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "नाव नको. वाट बंद करा म्हणावं." ते काही कुणी केलं नाही.

आता आपा बसायच्या त्या माहिती केंद्राच्या खोलीत आइस्क्रीमचा फ्रीज ठेवायचं ठरलंय. त्या खोलीत आपांनी मुलांच्या हाताच्या उंचीवर मोहोळांची चित्रं लावलीत, म्हणून मोठ्या माणसाला ती वाकून बघावी लागतात. खोलीची चावी माझ्याकडं आहे. साहेबांनी दोनदा मागितली. परवा मी ती घेऊन आत गेले, दार आतून लावलं आणि वाकून सगळी चित्रं पाहिली. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. मी उघडलं नाही.