कोऱ्या कागदाखालची सही

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत होते. रांग सोडली आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. त्याला दीड महिना झाला. शोकसभेत सगळे म्हणाले, मोठा वकील गेला. मोठा होताच. मी त्याची थोरली बहीण, चौथी शिकलेली, नवरा गेल्यापासून मंगळवार पेठेत त्याच्याच घरात राहिले. सभेत जे कुणी बोललं नाही, ते मला माहीत आहे.

रोज सकाळी चहा पिता पिता तो कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवायचा. वरचा मजकूर ज्युनिअर भरायचे. "वाचत बसलो तर कोर्टात कवा जाऊ, अक्का?" म्हणायचा. ज्युनिअरांत रुबिना सगळ्यात हुशार, कबनूरच्या माग कामगाराची मुलगी. एका विधवेच्या जमिनीचं अपील बापूच्याच कपाटात पडून राहिलं आणि मुदत टळली. मी चहा घेऊन दारात होते. तो रुबिनाला म्हणाला, "उशिराचं कारण, बाई अंथरुणाला खिळली होती म्हणून लिही."

"सर, ती धडधाकट हाय की."

"तू वकील हाईस का डॉक्टर?"

बाकीचे ज्युनिअर हसले. तिनं लिहिलं. समोरच्या वकिलानं त्याच दिवसांतला फोटो कोर्टापुढं ठेवला, लग्नाच्या पंगतीत बाई वाढत होती. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा बापू म्हणाला, सही माझी, मजकूर ज्युनिअरचा. पुढं बार कौन्सिलनं रुबिनाची चौकशी लावली, तिथंही तेच. बाईची जमीन गेली, रुबिनाची सनद गेली.

"तू सांगितलंस, मी ऐकलंय," मी जेवताना म्हटलं.

"तुला कोर्टातलं काय कळतंय?" म्हणाला, आणि आमटी मागितली. मी वाढली... चौकशीत जाऊन सांगता आलं असतं. गेले नाही. राहायचं त्याच्याच घरात होतं.

गेल्या आठवड्यात रुबिना भेटायला आली. आता ती कबनूरलाच कापडाच्या घड्या घालते. टेबलाच्या खणात बापूनं सह्या केलेले कोरे कागद निघाले होते. मी एक तिच्यापुढं ठेवला. "खरं काय ते वर लिही. सही हाय त्याची."

ती म्हणाली, "सरांनी न वाचलेलंच परत लिहू व्हय, अक्का?" कागद पालथा घातला आणि चहा न घेता गेली.

म्हणून हे मी माझ्या कागदावर लिहिलं, खाली माझी सही केली. तिला आता याचा काही उपयोग नाही. बापूच्या सह्या खणात तशाच आहेत, वर सगळी जागा मोकळी.