गवत्याचा उतार आणि सासूबाईंचा पिंपळ

खारघरच्या डोंगरावर रुंद शेपटीचा गवत्या राहतो, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्याला मी स्वतः पाहिलंय. बुलबुलापेक्षा जरा लहान, तपकिरी, शेपटी मात्र ऐसपैस. सह्याद्री सोडला तर हा पक्षी जगात कुठंच नाही. आणि सह्याद्रीतही त्याचे नखरे फार. घनदाट जंगल नको, गावाजवळचं शेत नको. डोंगराचा उतार, कमरेएवढं गवत आणि मधूनच एखादं झुडूप, एवढं मिळालं तरच तो राहणार.

वर्षभर तो गवतात मूग गिळून बसतो. पावसाळ्यात मात्र नर वर झेपावतात, बारीक शीळ घालतात आणि पुन्हा गवतात उतरतात. मोजायचं तर तेव्हाच. म्हणून पावसाळ्यातल्या रविवारी कोपरखैरण्याहून निघून मी डोंगर गाठते आणि एका खडकावर बसून गाणारे नर मोजते. एका हाताची बोटं पुरतात.

नेमकी त्याच रविवारी अर्धी नवी मुंबई रोपं आणि कुदळी घेऊन डोंगर चढते. सोसायट्या, ऑफिसं, बचत गट. गवताळ डोंगर आपल्या लोकांना उघडाबोडका वाटतो, कधी एकदा झाकतो असं होतं त्यांना. मला या मंडळींचा भयंकर राग येतो, आणि मंडळींच्या सर्वांत पुढे माझा नवरा असतो.

तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना झाडांचाच ध्यास. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेला माणूस, सावलीची किंमत त्यांना कळते, हे मला मान्य आहे. पण डोंगराच्या ज्या अंगाला त्यांची झाडं वाढली, तिथून गवत्या उठला. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "पक्षी हाय त्यो, बसंल की झाडावर!"

"नाही बसत. त्याला गवतच लागतं," मी म्हटलं. वाद तिथंच राहिला.

यंदा पावसाळ्यात सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. अशा दिवशी बुद्धवंदना झाली की गेलेल्या माणसाच्या नावानं पिंपळ लावायचा, ही आमच्या घरची रीत. नवऱ्यानं खिडकीच्या ग्रिलमध्ये, तेलाच्या डब्यात रोप जपलं होतं. जागाही ठरवली होती: उरलेल्या गवताच्या ऐन मधोमध. तिथून तो सगळ्या नवी मुंबईला दिसेल म्हणे.

एक पिंपळ म्हणजे काही जंगल नव्हे, पण पुढच्या वर्षी त्याच्या सोबतीला आणखी रोपं येणार, हे मी ओळखून होते. आणि सासूबाईंच्या नावाला नाही कसं म्हणायचं? त्यांच्या डोक्याला तेल मीच लावायची. माथ्यावर मधोमध बिनकेसांची जागा होती. उभं आयुष्य डोक्यावर ओझं वाहिलेलं, तिथं केस पुन्हा आलेच नाहीत.

वंदना झाली आणि आम्ही निघालो. ते कुदळ घेऊन पुढे, मी डबा घेऊन मागे. खड्डा घ्यायला ते वाकले आणि समोरच्या गवतातून गवत्या उडाला. शीळ घालत वर गेला, शेपटी पसरून खाली आला, पुन्हा वर. कुदळ तशीच हातात राहिली.

"ह्योच का तुझा?"

"हाच. अहो, हात जोडते, इथं नका लावू. खाली ओढ्याकाठी लावा, तिथं पिंपळ जोमानं वाढेल. इथलं गवत गेलं तर याला दुसरीकडे जागा नाही."

ते खाली बसले. मूठभर गवत धरून बघत राहिले, मग एक काडी मोडून तिचा वास घेतला.

"आईनं गवताचे भारे इकून मला शिकिवलं," ते म्हणाले. "डोस्क्यावरचे केस गेले तिचे. आन् मी तिच्याच नावानं गवताच्या मुळावर उठायलो."

मला रडू आलं. त्यांच्या हातातून कुदळ मीच काढून घेतली.

पिंपळ ओढ्याकाठी लागला आणि छान रुजला. पुढे एका रविवारी मी खडकावर बसले होते, तर खालून त्यांचा आवाज आला. रोपं घेऊन वर निघालेल्या कुठल्याशा सोसायटीला त्यांनी ओढ्यापाशीच अडवलं होतं.

"काय लावायचं ते हितं लावा. वर नका जाऊ," ते सांगत होते. "वर आमच्या आईचं गवत हाय."