टफन्ड काच आणि फिटरचा कटर

मंडळी, चंदीगडमध्ये कुणी बाथरूमचं काचेचं दार बदलून घेत असेल, तर हे वाचा.

आमच्या जुन्या दाराच्या बिजागऱ्या सैल झाल्या होत्या. बाबा आंघोळीला जाताना दारालाच धरतात. म्हणून मी दुकानदाराला तीनदा बजावलं होतं, काच टफन्डच हवी. फुटली तरी तिचे धारदार तुकडे होत नाहीत.

आज सकाळी फिटर आले. काच जरा मोठी निघाली. "कोई बात नहीं जी, यहीं काट देता हूँ," असं म्हणत त्यांनी कटर काढला.

मी विचारलं, "भैया, टफन्ड है ना?"

"पक्का."

"तो कटेगी कैसे? टफन्ड को काटो तो पूरी चूरा हो जाती है."

त्यांनी कटर खाली ठेवला. मी दुकानदाराला फोन केला, तर म्हणे चुकून दुसरी, साधी काच गाडीत चढली. मी ती परत पाठवली.

जाताना फिटर हळूच म्हणाले, "मैडम जी, आज तक किसी ने पूछा नहीं."

तेव्हापासून ते 'चुकून' काही पटत नाहीये. सध्या बाथरूमला पडदा लावलाय. तुमच्याकडची काच घरातच कापून बसवली होती का? जरा आठवून सांगा.