कंदील खाली धरणारा माणूस

मी शाळेत सायन्स शिकवते. नजर लागणं, अंगात येणं... घरात कुणी असला विषय काढला की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे हे लिहिताना अवघड वाटतंय. पण जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

नव्वदीची सुरुवात. आम्ही गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. तिसरा मजला, आजूबाजूला अर्धवट इमारती, दिवसातून चार वेळा लाइट जायची. नवरा पंजाबी. लग्नाला माझ्या भावाचा कडक विरोध होता. मी दिल्लीतलं, पहाडगंजचं माहेर सोडलं तेव्हा बाबा दारात उभे होते, पण एक शब्द बोलले नाहीत. तो राग माझ्या मनात बरीच वर्षं राहिला. आई गेल्यावर मात्र ते आमच्याकडेच राहायला आले.

बाबांना एक जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा फार आवडायचा. मी पुण्याहून त्याची कॅसेट मागवून दिली होती. त्यात नायिकेला वडील घराबाहेर काढतात आणि घरचा म्हातारा गडी कंदील घेऊन तिला फाटकापर्यंत पोचवतो. अख्ख्या सिनेमात त्याला जेमतेम चार वाक्यं.

"हिरॉइनला सगळेच बघतात गं," बाबा म्हणायचे, "तू याचा हात बघ. कंदील कसा खाली घेतो! तिचं रडणं कुणाला दिसू नये म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नसणार."

आणि मग – "शेवटी हळूच म्हणतो बघ, सावकाश जा ताई, दार उघडं ठेवतो."

असं वाक्य त्यात नव्हतंच. एके दिवशी मी रिवाइंड करून तीनदा दाखवलं. "बघा ना बाबा, ओठसुद्धा हलत नाहीत त्याचे. तुम्ही मनानेच जोडलंय ते."

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. "असेल. तू म्हणतेस तर तसंच असेल."

त्यानंतर त्यांनी तो सिनेमा कधी लावायला सांगितला नाही. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. त्या वाक्यावरून झालेलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं – नवऱ्यालाही नाही.

उन्हाळ्यात सासूबाई – आम्ही त्यांना बीजी म्हणतो – पानिपतहून आल्या. त्या बाबांना कधी भेटल्याही नव्हत्या. मराठीचा गंध नाही. रविवारी दुपारी टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लागला. जुनी कॅसेट खराब झाली होती, म्हणून मी रेकॉर्डिंगला लावला. बीजी भेंडी चिरत बघत बसल्या. कंदील दिसला तशी मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत राहिले.

थोड्या वेळाने बीजींची हाक आली. "पुत्तर, ये 'दार उगडा' क्या होता है?"

मी हात न पुसताच बाहेर आले. "किसने कहा?"

"वो लालटेनवाला बाबा. लड़की को बोला ना... सावकाश कुछ, फिर दार उगडा ठेवतो. बड़े प्यार से बोला."

मी कॅसेट मागे घेतली. आत्ताच रेकॉर्ड झालेली. आम्ही दोघी शेजारी बसून बघितलं. कंदील खाली आला. म्हाताऱ्याचे ओठ मिटलेले. मागे फक्त रातकिड्यांचा आवाज.

"अभी तो बोला था!" बीजींचा चेहरा उतरला. "मैं झूठ बोलूँगी?"

माझं बोट पुन्हा रिवाइंडच्या बटणावर गेलं होतं... आणि मी काय करतेय ते माझ्या लक्षात आलं. टीव्ही बंद केला.

"नहीं बीजी, बोला होगा. मेरा ध्यान नहीं था." मग त्यांना अर्थ सांगितला.

त्यांनी भेंडीचं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "चंगा बंदा था."

नवरा म्हणतो, झोपेत तूच कधीतरी बडबडली असशील, तेच आईच्या कानावर पडलं असेल. असेल. भाऊ म्हणतो, सिनेमाची दुसरी प्रिंट असेल. पण कॅसेट तर त्याच दुपारची होती. असल्या गोष्टींवर विश्वास बसलाय असंही नाही. फक्त एक मनातून जात नाही – ते वाक्य त्या दुपारी खरंच कुणी बोललं असेल, तर मी तेव्हा पाठ फिरवून, नळ सोडून उभी होते.